तौनोनं बोटं उचलली नाहीत

शेजाऱ्यांबद्दल वाईट बोलू नये, असं माझी आई सांगायची. तिचे शेजारी अडीच मैलांवर राहायचे, तिला सांगायला काय जात होतं! माझे रस्त्याच्या पलीकडेच राहतात, आणि मी बोलणार आहे.

आधी आमच्याकडची एक रीत सांगते, कारण सगळा घोळ त्या रीतीनंच केला. गाडी चालवताना समोरून कुणी आलं, किंवा कुणाच्या अंगणात माणूस दिसला, की स्टेअरिंगवरचा हात न हलवता दोन बोटं उचलायची. समोरच्यानंही दोन उचलायची. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही. आमचे आजे-पणजे फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणींत कामाला आले, ते कमी बोलायची सवय सोबत घेऊनच. दोन बोटांत त्यांचं सगळं भागायचं. कसं काय, ठीक आहे, बर्फ फार झाला, हो झाला. माझा नवरा तौनो लेहतो यानं एकतीस वर्षं काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवला. या रस्त्यावर त्याच्याइतकी बोटं आजवर कुणी उचलली नसतील.

सप्टेंबरात तौनोला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं आणि परत आलं तेही तुटक, एका दमात एक शब्द. इस्पितळातून त्याला साठ मैलांवरच्या शुश्रूषागृहात नेलं. तिथं तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची, तिला बघून हा डोळे मिटून घ्यायचा. नोव्हेंबरात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"त्यांची इच्छाच दिसत नाही, लेहतोबाई. असंच राहिलं तर घरी पाठवून काय उपयोग? इथंच कायमची खोली बघू या."

कायमची खोली! त्या खोलीच्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची आणि एक दिव्याचा खांब. चाळीस वर्षं अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली बसलेल्या माणसाला मी त्या खांबाकडे बघत मरू देणार नव्हते. म्हणून मी पलंगाशी गेले आणि धडधडीत खोटं बोलले.

"तौनो, चिकड्या तुझी चौकशी करतायत."

चिकडी म्हणजे मुठीत मावेल एवढं पाखरू. डोक्यावर काळी टोपी, हनुवटीखाली काळा रुमाल, गाल पांढरे. इतर पाखरं थंडीची चाहूल लागताच दक्षिणेला पळतात, ही पळत नाही. कंबरभर बर्फातसुद्धा चिक्-अ-डी-डी-डी करत स्वतःचं नाव सांगत हिंडते. तौनो ट्रकवरून परत आला की लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट घालायचा, कानटोपी ओढायचा आणि झाडाखालच्या खुर्चीत तळहातावर सूर्यफुलाच्या बिया घेऊन बसायचा. फांदीला हरणाची चरबी टांगलेली असायची. एकेक चिकडी यायची, एक बी उचलायची, ती कुठल्यातरी सालीत लपवून पुन्हा यायची. तौनो म्हणायचा, "वजन कळत नाही गं हिचं. नखं तेवढी कळतात."

माझं खोटं ऐकून तो भिंतीकडून वळला.

"किती?" म्हणाला. आठवड्यातला तो त्याचा पहिला शब्द.

"सहा-सात तरी. रोज तुझ्या खुर्चीवर येऊन बसतात."

दुसऱ्या दिवशी त्यानं व्यायाम केला. तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं चमचा धरला. महिनाअखेरीला डॉक्टरांचा सूर बदलला. जानेवारीत घरी सोडायचा विचार करू, म्हणाले. आणि मी घरी येऊन बघते तो अंगणात एक पाखरू नाही! अडीच महिने कुणी दाणा टाकला नव्हता, त्या कशाला थांबतात? सगळ्या रस्त्यापलीकडे आर्वो कांगासच्या दाण्याच्या पेटीवर गेलेल्या. शिवाय यंदाच्या पिल्लांनी तौनोला पाहिलंच नव्हतं. माणसाच्या हातावर बसायचं, हे त्यांना कोण सांगणार? एवढ्या आशेनं तो घरी येईल, खुर्चीत बसेल, रिकामा हात पसरेल, आणि मग तो पुन्हा भिंतीकडे वळला की त्याला कुणी उठवू शकणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्यावर तौनोचीच एक युक्ती मला ठाऊक होती. त्याच्या आईसाठी त्यानं ती एकदा केली होती. आपले कपडे घातलेलं बुजगावणं झाडाखाली बसवायचं आणि त्याच्या हातमोज्यात बिया ठेवायच्या. दोन-तीन आठवड्यांत पाखरांची भीती मोडते. मग एक दिवस बुजगावणं उचलायचं आणि त्याच जागी, त्याच कोटात आपण बसायचं.

मी तौनोच्या लोकरी अंतर्वस्त्रांत गवत कोंबलं. उशीच्या अभ्र्याचं डोकं केलं, त्यावर कानटोपी, नाकापर्यंत मफलर, वर त्याचा जुना चष्मा. अंगात चौकड्यांचा कोट. हातमोज्याचा तळवा वर करून त्यात बिया. वाऱ्यानं कोलमडू नये म्हणून पोटाशी दोरी घेऊन खुर्चीला बांधलं. रात्री बर्फ पडला तर कोट खराब होईल, म्हणून संध्याकाळी कॉलर धरून ओढत सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, ओसरीत न्यायचे. सकाळी पुन्हा बसवायचे, आणि दुपारपर्यंत अंगावर बर्फ साचला की झाडूनं झोडपून काढायचे. आता तुमच्या लक्षात आलं असेल, पण माझ्या तेव्हा आलं नाही. मी कामात होते.

पाचव्या दिवशी पहिली चिकडी फांदीवर आली. नवव्या दिवशी कानटोपीवर. बाराव्या दिवशी हातमोज्यातली बी उचलून उडाली, आणि मी खिडकीत उभी राहून टाळ्या पिटल्या. तौनोला फोनवर सांगितलं, "आज चार होत्या." पहिल्यांदाच खरं सांगत होते.

विसाव्या दिवशी दारात दोन गाड्या थांबल्या. एक काउंटीच्या समाजसेवा कचेरीची, दुसरी शेरीफची. समाजसेवावाल्या बाईंचं नाव बेकी डुफ्रेन. तिशीची असेल, पायात शहरी बूट, दोन पावलांत बर्फ आत गेलेला. घर बघायला ती येणार हे मला माहीत होतं, दाराशी उतार आहे का, न्हाणीत धरायला दांडी आहे का, वगैरे. पोलिसाचं काय काम होतं कुणास ठाऊक!

"लेहतोबाई," ती दारातूनच म्हणाली, "तुमचे यजमान शुश्रूषागृहातच आहेत ना?"

"काल तर होते. का, पळून गेले?"

"मग," तिनं अंगणाकडे मान वळवली, "ते बांधून ठेवलेले गृहस्थ कोण?"

पोलीस तोवर झाडाकडे निघाला होता, एक हात कमरेवर. "साहेब, ऐकू येतंय का? घाबरू नका," असं म्हणत त्यानं बुजगावण्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोकं गळून पडलं. तो पोलीस एवढा मोठ्यानं ओरडला की फांदीवरच्या सगळ्या चिकड्या उडाल्या. मी हसले, खोटं कशाला सांगू? पोट धरून हसले. बेकीही हसली. मग तिनं हातातला कागद मला वाचून दाखवला.

"'अपंग वृद्धाला दिवसभर बर्फात खुर्चीला दोरीनं बांधून ठेवलं जातं. पत्नी त्याला झाडूनं मारते. संध्याकाळी कॉलर धरून फरफटत आत नेते. जेवण देताना कधी दिसली नाही.' निनावी फोन होता."

"कधी आला?"

"परवा."

मी हसायची थांबले. परवा म्हणजे अठरावा दिवस. माझं अंगण फक्त एका घरातून दिसतं. एकोणीस दिवस त्या घरातून येता-जाता, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, कॉफी पिता पिता, तौनो दिसत होता. लकवा झालेला तौनो, बर्फात बांधलेला, मार खाणारा, उपाशी. आणि रस्ता ओलांडून कुणी आलं नाही! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती तेव्हा माझी गेली.

बेकी आता हसत नव्हती. पिशवीतून तिनं दुसरा कागद काढला, माझ्याच अक्षरातला.

"तक्रार मी आजच निकालात काढते. पण त्यांना घरी सोडायचं तर रोज एकदा डोकावणारी दोन माणसं लागतात, हा नियम आहे. उद्या तुम्हीच न्हाणीत पडलात तर? तुम्ही नावं लिहिलीत आर्वो आणि मार्लीन कांगास." पेन त्या नावांवर टेकवून ती थांबली. "फोन कुणी केला हे मला सांगता येत नाही. पण दुसरी दोन नावं मिळाली तर बघा. बुधवारपर्यंत. त्यांच्या सह्या लागतील. नाहीतर कायमच्या खोलीचे कागद पुढे जातील, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

दुसरी नावं कुठून आणू? कांगासांच्या पुढचं घर चार मैलांवर, आणि हिवाळ्यात इथले चार मैल म्हणजे काही गंमत नव्हे. आर्वोच्या घरापुढचा बर्फ तौनोनं एकतीस वर्षं काढला, स्वतःच्या दारातला काढायच्या आधी. मी मार्लीनच्या तिन्ही बाळंतपणांत तिच्या घरी पाव भाजून नेले. ती नावं लिहिताना मी क्षणभरही विचार केला नव्हता.

त्या दुपारी मी रस्त्यापासून खुर्चीपर्यंतची पावलं मोजली. बेचाळीस भरली.

चोरून बोलायची माझी सवय नाही. रविवारी मी बुजगावण्याला कोटासकट गाडीत घातलं, पट्टा लावला आणि चर्चला नेलं. तौनोची जागा उजवीकडून तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. तीस वर्षं त्याच्या शेजारी आर्वो बसतो. मी बुजगावणं तौनोच्या जागी टेकवलं, टोपी काढून मांडीवर ठेवली, कारण चर्चमध्ये टोपी घालत नाहीत, आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. आर्वो आला, बघितलं, आणि उभाच राहिला. बाकी जागा भरल्या होत्या. शेवटी बसला, अंग चोरून, अर्धा बाकाबाहेर. कुणी काही बोललं नाही. आम्ही फिनलंडवाले, चर्चला आग लागली तरी आधी स्तोत्र संपवू. पाद्रीबुवांनी दोनदा चष्मा पुसला आणि प्रवचन पुढे चालू ठेवलं.

मग एकमेकांचे हात हातात घ्यायची वेळ आली. सगळे उठले, इकडेतिकडे हात मिळवले, तिसऱ्या बाकाकडे मात्र कुणी फिरकेना. तेवढ्यात पुढच्या बाकावरून इम्पी उठली. इम्पी त्र्याण्णव वर्षांची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. कुणीतरी तिला सांगितलं असणार, तौनोच्या जागी तौनोचा कोट आहे म्हणून. बाकांना हात लावत ती तिथवर गेली, चाचपडून हातमोजा शोधला आणि दोन्ही हातांत धरला.

"बरं केलंस रे आलास, तौनो. किती गारठलाय हात तुझा!"

आर्वो खिडकीबाहेर बघत राहिला.

नंतर खाली तळघरात कॉफी असते. वेलदोड्याचा पाव, लोणी, सगळं नेहमीसारखं. मी कप न घेता सरळ कांगासांच्या टेबलाशी गेले.

"आर्वो, बेचाळीस पावलं आहेत."

"कसली पावलं?"

"रस्त्यापासून माझ्या खुर्चीपर्यंत. मी मोजलीत. एकोणीस दिवसांत तुला बेचाळीस पावलं टाकता आली नाहीत?"

आर्वोनं पाव खाली ठेवला. "हे बघ सायमा, इथं लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा मी करतेय? नवरा मेला की जिवंत आहे हे लांबून बघत बसलात तो तमाशा नव्हता?"

"अगं पण त्यानं बोटं उचलली नाहीत!" आर्वोचा आवाज चढला. "एकोणीस दिवस मी रोज उचलतोय. जाताना, येताना. आधी वाटलं, लक्ष नसेल. मग वाटलं, कशाचा तरी राग धरलाय. माणसाला काही मान असतो की नाही? इतक्या वर्षांचा शेजार, आणि साधी दोन बोटं नाहीत!"

"उजवी बाजू गेली त्याची! कशानं उचलणार होता, कपाळानं?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. आर्वोचे कान लाल झाले.

"फोन मी नाही केला. मार्लीननं केला."

"मी केला?" मार्लीन उसळली. "तूच नाही का म्हणालास, काहीतरी बिनसलंय म्हणून? मी म्हटलं, जाऊन ये. तू म्हणालास, त्याला बोलायचं नसेल तर मी कशाला जाऊ!"

"तू तरी यायचं होतंस, मार्लीन."

ती रुमाल शोधू लागली. "कसं येणार गं? तुम्हा नवरा-बायकोच्या आतली गोष्ट. मध्ये पडणं बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही! या तीन शब्दांखाली आमच्या गावात किती माणसं गाडली गेली असतील, त्याची गणती नाही. मी टेबलावर हात आपटला. कॉफी सांडली.

"ऐका दोघंही. मी नवऱ्याला झाडूनं मारतेय असं वाटलं ना तुम्हाला? मग धावत यायचं, झाडू हिसकावायचा, मला दोन शिव्या घालायच्या. मला राग आला असता, पण मी जन्मभर तुमचे उपकार मानले असते. इम्पीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, ती उठून त्याच्यापर्यंत गेली. तुम्हाला माझ्या घराचं धुराडंसुद्धा दिसतं!" मी बेकीचा कागद समोर ठेवला. "रोज एकदा डोकावायचं, एवढंच लिहिलंय. सह्या मिळाल्या नाहीत तर तौनो घरी येत नाही. कधीच नाही. तुम्ही तिसरं कुणी सुचवा, मी त्यांच्याकडे जाते."

मार्लीननं डोळे पुसले आणि पेन घेतलं. सही केली, खाली तारीख घातली, आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला. आर्वोनं पेन हातात घेतलं.

"करतो," तो म्हणाला. "पण त्याला माझ्या शेजारून उचल. त्याच्या बाहीतून गवत गळतंय, माझी सगळी विजार भरली."

नाताळ गेला. चर्चमधली गोष्ट दोन दिवसांत सगळ्या गावात पोचली, आणि मग आमच्या रस्त्याला नवीनच करमणूक झाली. बुजगावणं मी पुन्हा झाडाखाली बसवलं होतं, चिकड्यांची सवय मोडायला नको म्हणून. आता गाड्या हळू व्हायच्या, आतली माणसं हसायची, पोरं जीभ दाखवायची. बोटं कुणी उचलत नव्हतं. गवताच्या माणसाला कोण उचलणार? मार्लीन मात्र दुपारी नेमानं यायची, पाच मिनिटं बसायची. आर्वो सही करून बसला होता, तौनो आल्यावर बघू म्हणायचा.

तौनो सोमवारी यायचा होता. पण वादळाचा इशारा आला आणि शुश्रूषागृहाच्या गाडीनं त्याला गुरुवारीच आणून सोडला, संध्याकाळच्या आत. मी आर्वोला कळवलं नाही. मुद्दामच. कळवायला काही त्याच्या दारात जायचं नव्हतं, नुसता फोन करायचा होता, तोही मी केला नाही. म्हटलं, डोकावणाऱ्याला आपोआप कळेल.

शुक्रवारी सकाळी ऊन पडलं. वारा नव्हता. मी बुजगावण्याचा कोट, टोपी, मफलर, सगळं सौनात गरम करून तौनोला घातलं. उजव्या हातमोज्याचा तळवा कात्रीनं कापला, त्याच्या कातडीला नखं लागावीत म्हणून. फळ्या टाकून चाकाची खुर्ची झाडाखाली नेली. तो एका बाजूला कलायचा, म्हणून तीच दोरी पोटाशी बांधली. मेलेला उजवा हात खुर्चीवर उताणा ठेवला, बिया घातल्या आणि दहा पावलं मागे येऊन उभी राहिले.

तौनोनं माझ्याकडे बघितलं. "सहा?"

"सहा-सात," मी म्हटलं.

फांदीवर एक आली. डी-डी-डी केलं. टोपीवर उतरली, तिथून बाहीवर, आणि बाहीवरून सरळ तळहातावर. बी उचलली, गेली. मग दुसरी आली. मग एकदम दोन, भांडत. माझी सात आठवड्यांची मेहनत तिथं नाचत होती आणि मी तोंडावर हात दाबून रडत होते.

तौनो हाताकडे टक लावून बघत होता. हसत नव्हता. बराच वेळ ओठ हलवून त्यानं शब्द काढले.

"नखं... नाहीत."

हात मेलेला होता. चिकडी त्यावर उभी होती आणि त्याला काही कळत नव्हतं. हे माझ्या कसं ध्यानात आलं नाही? सगळ्यांना मूर्ख म्हणत हिंडणारी मी, पाखरांना शिकवत बसले आणि माणसाचा हात विसरले! डाव्या हातात बिया द्याव्यात म्हणून पुढे झाले, पण तो हात थरथरायचा. थरथरत्या हातावर चिकडी बसत नाही.

तेवढ्यात रस्त्यावर आर्वोचा ट्रक आला. तौनोनं आवाजावरून ओळखला. मान वळवली, आणि डावा हात खुर्चीवरून वर आला, हळूहळू, कापत. त्यानं दोन बोटं उचलली.

सगळ्या चिकड्या भुर्रकन उडाल्या. आर्वोनं सवयीनं एकदा इकडे बघितलं, काही न उचलता तोंड फिरवलं, आणि मग त्याची मान झटक्यात परत वळली. ट्रक आडवा गेला, अर्धा फिरला आणि बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबला. दार उघडून आर्वो बाहेर आला तो डोकं गळालेल्या बुजगावण्यापेक्षा पांढरा पडला होता.

"सायमा! ते... त्यानं हात हलवला!"

मी पावलं मोजत होते. बर्फ गुडघाभर होता, तो पडत-धडपडत येत होता. बेचाळीसऐवजी साठ तरी टाकली असतील. खुर्चीसमोर येऊन त्यानं टोपी काढली.

"तौनो? तू आहेस?"

तौनोनं त्याच्याकडे खालून वर बघितलं. जबडा हलला, शब्द अडकला, पुन्हा हलला. मला मदत करावीशी वाटली, पण केली नाही.

"बोटं," तो म्हणाला. मग दम घेऊन, "उचलली... नाहीस."

एकोणीस दिवस ज्या गोष्टीचा त्यानं राग धरला, ती त्याच्याच गळ्यात येऊन पडली होती. त्यानं उजवा हात वर केला आणि दोन बोटं उचलली, हातभर अंतरावरून. ती खाली घ्यावीत की नाही हेही त्याला कळत नव्हतं.

"हं," तौनो म्हणाला. मग डावा हात पुढे करून, "बिया."

मी पिशवी आर्वोच्या हातात दिली. त्यानं तौनोच्या डाव्या तळहातावर बिया ओतल्या, त्या लगेच सांडू लागल्या. आर्वो बर्फात गुडघ्यावर बसला, आपले दोन्ही हात तौनोच्या मनगटाखाली घातले आणि घट्ट धरले. थरथर थांबली. आर्वोच्या विजारीतून पाणी आत जात असणार, पण तो हलला नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

एक चिकडी फांदीवरून उतरली, आधी आर्वोच्या टकलावर, मग तौनोच्या अंगठ्यावर. मान तिरकी करून तिनं बिया निवडायला घेतल्या.

"नखं," तौनो म्हणाला, आणि रडला.

आर्वो आता रोज सकाळी येतो, नऊच्या ठोक्याला, मनगट धरायला. बोलत काही नाही. मी त्याला कॉफी देते, पाव देते. राग माझा गेलेला नाही, आणि तो का जावा हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पण नऊ वाजून पाच मिनिटं झाली आणि रस्त्यावर कुणी दिसलं नाही, की मी आता खिडकीत उभी राहत नाही. मी बूट घालते आणि रस्ता ओलांडून बघायला जाते.